हजारात दोन भाग

दाढ काढल्यावर तिकडच्या औषधाच्या दुकानात दुखण्याच्या गोळ्या घेताना तुला ओळखपत्र दाखवावं लागलं, म्हणून तू फोनवर वैतागली होतीस. "आजी, मी काय चोर आहे का?" असं म्हणालीस आणि मागून तुझा भाऊ हसला. मी तेव्हा नुसतं "नियम असतो गं" म्हटलं. फोनवर त्याहून जास्त सांगण्यासारखं नव्हतं. पण तो नियम मला चांगला ठाऊक आहे. एके काळी त्याची किल्ली माझ्या कमरेला असे. त्या किल्लीपायी जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे.

लग्न होऊन मी सिंदी रेल्वेला आले तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरत आलं होतं. तुमचे आजोबा तिथल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर होते. पुढे पडवी, मग तीन खोल्या, आणि मागच्या अंगाला आमचं घर. मध्ये एकच दार. मी नागपूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सिंदीत त्या इंग्रजीचं करायचं काय, हे मला पहिल्या महिन्यातच कळेनासं झालं. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या बायका हळदीकुंकवाला बोलवत, माझ्याकडे बघत, माझ्या पुस्तकांबद्दल विचारत आणि मग आपापसात बोलायला लागत. त्या वाईट नव्हत्या. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नसे, आणि मलाही सुचत नसे. तुमचे आजोबा अतिशय चांगले होते, पण दिवसभर लोकांचं ऐकून घरात आले की त्यांना ऐकायचंही नसे आणि बोलायचंही नसे. दुपारी मी औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं मोठ्याने वाचत असे. इंग्रजी बोललेलं कानावर पडावं म्हणून.

मग कंपाउंडर निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच गेली नाही. रजिस्टरं इंग्रजीत, नियमांची पुस्तकं इंग्रजीत. एक दिवस तुमच्या आजोबांनी ती सगळी जेवणाच्या पाटाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाले, "तुला हे नीट लावता येईल." लग्नानंतर मला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता.

मी ती पुस्तकं परीक्षेसारखी वाचली. आधीचा कंपाउंडर औषधं रोगाप्रमाणे लावायचा: तापाची एका फळीवर, पोटाची एका. मी ती कायद्याप्रमाणे लावली. दुखण्याची औषधं तर मी अगदी पाठच केली होती, कारण त्यांच्या बाबतीत कायदा सर्वात बारीक होता. आस्पिरिन आणि तशा गोळ्या उघड्या फळीवर. त्या कुणीही मागाव्यात, कुणीही द्याव्यात. त्याच्या वर, काचेच्या दारामागे, लाल पट्टीची औषधं. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाहीत, आणि एकदा दिल्यावर त्याच चिठ्ठीवर पुन्हा नाहीत. आणि भिंतीतलं लोखंडी कपाट. त्याला सगळे विषाचं कपाट म्हणत. त्यात मॉर्फियाच्या, म्हणजे मॉर्फिनच्याच, कुप्या आणि अफूचा अर्क, त्यांवरही लाल पट्टी. कुलूप बाहेरच्या दाराला, आतल्या पेटीला वेगळं कुलूप, आणि वेगळं रजिस्टर: तारीख, कुणाला दिलं, किती दिलं, किती उरलं, डॉक्टरची सही.

गंमत अशी की पोटाच्या कळेला देतात त्या एका कापूरमिश्रित औषधातही अफू होतीच. पण ती बाटली लोखंडी कपाटात नव्हती. कायद्याने एक रेघ आखली होती. औषधाच्या हजार भागांत मॉर्फिन दोन भागांपेक्षा जास्त असेल तर ते धोक्याचं, कुलपातलं. त्याहून कमी असेल तर बाहेरचं. माणसाला दुखतं किती, याला त्या पुस्तकात कुठेच रकाना नव्हता. आणि कच्ची अफू तर आमच्या पुस्तकातच नव्हती. ती आबकारी खात्याची. बाजारात तिचं सरकारमान्य दुकान होतं, आणि ज्यांच्याकडे कार्ड असे त्यांना तिथे ठरलेली अफू मिळे. एकाच झाडाचा चीक, पण तीन पत्ते. मला ते फार आवडलं होतं. सगळं जागच्या जागी.

दवाखान्यात बाळंतपणांना एक दाई होती. पन्नाशीची, उंच, काटक. नवरा लवकर गेलेला, मूल नव्हतं. सकाळी दवाखाना झाडायची, मग काम नसेल तर मागच्या ओट्यावर येऊन बसायची, आणि मी आत स्वयंपाक करता करता आम्ही बोलायचो. सिंदीत माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. खरं तर ती मला रागवायचीच जास्त.

"बाई, सकाळपासून त्या शिश्याच पुसून राह्यल्या तुमी. शिश्याले लेकरं व्हतेत का?"

"वेळ जातो."

"मंग बोलत जा. तुमी बोलतच नाई. मुक्या बाईले बाळंतपनात लय तरास व्हते, मी सांगून ठेवते. वरडा लागते तिथं."

मी हसायचे. तिला चहा द्यायचे. हेही लिहिलंच पाहिजे की तिचा कप वेगळा होता. कान तुटलेला, ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो आमच्या आधीपासून तिथे होता. मी आले आणि तसाच चालू ठेवला. कपाटं लावताना मी जितका विचार केला, तितका त्या कोनाड्याचा कधी केला नव्हता.

छप्पन सालच्या दसऱ्याला ती वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेली आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. तेव्हाच तिच्या पोटात दुखत होतं. कमरेला लुगड्याचा पट्टा आवळून ती त्या गर्दीत दिवसभर उभी राहिली होती. परत आली ती पांढऱ्या लुगड्यात. ओट्यावर बसली. मी कोनाड्याकडे हात नेला तेव्हा म्हणाली, "बाई, आता थ्या कपात च्या नका देऊ. द्याचा तं घरातल्या कपात द्या. नाईतं राहू द्या."

रागाने नाही म्हणाली. जसं एखादीला सांगावं की मीठ कमी घाल. मी त्या दिवशी चहाच केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज येऊन बसत होती, बोलत होती, आणि मध्ये चहा नव्हता. मला अडवणारं कुणी नव्हतं. सासूबाई वर्ध्याला होत्या, तुमच्या आजोबांचं स्वयंपाकघरात लक्ष नसे. अडवणारी मीच होते. आठवड्याने मी घरातल्या फुलांच्या कपात तिला चहा दिला. ती प्यायली, कप स्वतःच विसळला आणि म्हणाली, "साखर कमी टाकली."

तिचं दुखणं मात्र वाढत गेलं. तुमच्या आजोबांनी तपासलं, नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. ती तिथून चौथ्या दिवशी परत आली. कापून उपयोग नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं. तुमच्या आजोबांनी ती चिठ्ठी पडवीतच वाचली. मग मला म्हणाले, "आता फक्त दुखणं कमी करायचं. किल्ली दे."

ती तिच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. खोली आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, वस्तीच्या तोंडाशीच. शेजारीच तिचा मोठा दीर राहायचा. ती त्याला भासरा म्हणायची. जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन छाती गेलेला म्हातारा, गुडघे सुजलेले, आणि अफूचं कार्ड असलेला. तुमच्या आजोबांनी सुई उकळायला ठेवली तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"बाई, एक इचारू? हे कायचं औषधी हाय?"

"दुखणं थांबवायचं."

"अफू हाय का हिच्यात?"

खोटं सांगता आलं असतं. पण मला ते सगळं नीट माहीत होतं ना. "अफूपासूनच काढलेलं आहे," मी म्हटलं.

"मंग नाई. मी नागपुराले समद्यांच्या पुढं बोलली, नशा करनार नाई. चार दिवस नाई झाले तं मोडू का?"

भासरा दारातून म्हणाला, "अवो, मी बी तं बोललो."

"तुमी कायचे बोलले! तोंडात गोयी ठेऊन बोलले."

"माहं सरकारी कार्ड हाय," तो म्हणाला. "मी कायी चोरून खातो का? सरकारनं म्हटलं खाय, मी खातो."

तुमचे आजोबाही हसले. पण ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा, असं.

मग मी तिला सांगितलं. उकिडवी बसून, अगदी शांतपणे, वर्गात समजावतात तसं. कापसाच्या बोंडासारखं एक बोंड असतं. त्याला चीर दिली की चीक येतो. तोच चीक दुकानात गेला, लोकांनी गोळी करून खाल्ला, की ती नशा. तिचं खातं आबकारीचं. तोच साफ करून, मोजून, कुपीत भरून कपाटात आला आणि डॉक्टरने दुखण्यासाठी दिला, की ते औषध. त्याचा कायदा वेगळा, पुस्तक वेगळं, कुलूप वेगळं. तिकडे लाल पट्टी नसते, इकडे असते. मी तिला कुपीवरची लाल पट्टी दाखवली. म्हटलं, "ही पट्टी असली की ते औषध. सरकारनेच तसं ठरवलं आहे."

तिने ती कुपी हातात घेऊन दाराच्या उजेडात बघितली. "म्हंजे दुकानातली थे नशा, अन् पट्टीवाली थे औषधी."

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने दंड पुढे केला. थोड्या वेळाने तिचा चेहरा सुटला, कपाळावरची शीर खाली बसली. माझ्या बोलण्याने कुणाचं काही भलं झालं, असं मला त्या गावात पहिल्यांदा वाटलं.

आमच्या कपाटात मॉर्फिया मुळात थोडाच होता. दिवाळी झाली आणि तो संपत आला. मी वेळेवर मागणीपत्र भरलं. आता इथे तुम्हाला थोडा इतिहास हवा. तोवर आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबर लागला आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. म्हणजे आम्ही तिथेच होतो, कापसाच्या गाड्या त्याच रस्त्याने येत होत्या, फक्त राज्य बदललं होतं. मागणीपत्राचे छापील नमुने जुनेच होते आणि त्यांच्या डोक्यावर मध्य प्रदेश असं छापलेलं होतं.

मी ते नाव पट्टीने एका सरळ रेघेने खोडलं. वर सुबक अक्षरात नव्या राज्याचं नाव लिहिलं. बाजूला तुमच्या आजोबांची सही घेतली. चुकीचं नाव असलेला कागद माझ्या हातून जाणं मला शक्यच नव्हतं. शाई वाळेपर्यंत मी त्यावर हात धरून बसले होते, कारण त्या दिवसांत हवेत सगळीकडे कापसाचे तंतू उडायचे आणि ओल्या अक्षरांना चिकटायचे.

बारा दिवसांनी कागद परत आला. शेरा असा: अशा औषधांच्या मागणीपत्रावर खाडाखोड चालणार नाही; नवीन नमुन्यात पाठवावे. नवीन नमुने अजून छापून आलेले नव्हते. तेही खाली लिहिलं होतं.

शेजारच्या गावचे डॉक्टर तुमच्या आजोबांचे स्नेही होते. त्यांनी जुन्याच नमुन्यावर, जुन्याच नावासकट मागणी पाठवली होती, आणि त्यांचा माल आला होता. त्यांच्याकडून उसना घेता येईना. त्यांचा साठा त्यांच्या नावावर, कागदाशिवाय एक कुपी इकडची तिकडे झाली तर दोघांचाही परवाना जायचा. म्हणजे मी काही केलं नसतं, तो कागद होता तसा जाऊ दिला असता, तर कपाट भरलेलं असतं.

मी हे तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू बरोबरच केलंस. नाव बदललंच आहे ना." आणि नवा अर्ज, हाताने लिहिलेला, विनंतीचा, स्वतः घेऊन कचेरीत गेले. ते मला एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

काचेच्या दारामागच्या कोडीनच्या सौम्य गोळ्या होत्या, त्या दिल्या. त्यांनी काही होत नव्हतं. मी दुपारी तिच्याकडे जायचे तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेली असे आणि तोंडात पदराचा बोळा. बाळंतिणींना ओरडा म्हणणारी ती बाई स्वतः ओरडत नव्हती. भासरा उंबऱ्यावर बसलेला असे. एक दिवस त्याने कागदात गुंडाळलेली एक छोटी काळी गोळी काढून तिच्यापुढे धरली.

"घे वो. एक डाव घे. कोनी पाहून नाई राह्यलं."

तिने मान हलवली. बोळा काढून म्हणाली, "थे नशा हाय."

"आन् डॉक्टरची सुई? थे काय होती मंग?"

"थे औषधी. बाईनं सांगतलं."

तो माझ्याकडे वळला. "सांगा तिले बाई. एकच हाय म्हना."

मी म्हटलं, "एकच आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही घ्या ती."

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तुमी नाई चुकत," ती म्हणाली. "पट्टीवालं येईल. मी थांबते." आणि बोळा पुन्हा तोंडात घातला.

मी घरी आले. कपाट उघडलं. आतली पेटी उघडली. रिकामी होती, ते मला माहीतच होतं. रोज उघडून रोज शून्य लिहून सही घ्यायची असा नियम होता. मी ते शून्य लिहिलं. त्या घरात मी इतकी एकटी कधी नव्हते. बोलायचं ते जिच्याशी, तीच तिथे तोंडात बोळा घालून माझ्या शब्दाला धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भासऱ्याला दवाखान्याच्या मागे बोलावलं. काय हवं ते सांगितलं. त्याने कमरेची चंची सोडली.

"तिले सवय नाई," तो म्हणाला. "लय थोडी द्या लागन."

"मी पुस्तकात बघून घेतलं आहे."

"पुस्तकात हे बी हाय का?" आणि हसला. "आता आपन दोघं चोर झालो, बाई. मी तं पयलेच होतो म्हना. तुमाले नवं हाय."

मी ती अफू आस्पिरिनच्या भुकटीत खलात घोटली. घोटून घोटून रंग मातकट झाला, त्याहून फिका होईना. पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीवर दवाखान्याचं लेबल लावलं. आणि लाल शाईने पट्टी ओढली, फूटपट्टीने, सरळ. त्या लेबलावर मी जे लिहिलं त्यातला एकही शब्द खरा नव्हता. रजिस्टरात काही लिहिलं नाही. तुमचे आजोबा त्या वेळी कचेरीत नव्या अर्जामागे होते. मी हे त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या लेबलांवर केलं. कळलं असतं तर त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून गेलं असतं. म्हणून त्यांना सांगितलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

तिला पुडी दाखवली. तिने पट्टीवर अंगठा फिरवला. "आलं?"

"आलं," मी म्हटलं. "सुई नाही, या वेळी पुडी आहे."

पाण्याबरोबर तिने ती घेतली. फुलांचा कप मी घरून नेला होता.

दहा दिवस तसे गेले. ती बोलू लागली, भाताची पेज घेऊ लागली. एका दुपारी तिने मला पायाळू बाळाला कसं वळवतात ते हवेत हात फिरवून दाखवलं. भासरा मात्र उंबऱ्यावर सारखा जांभया देत बसे, नाक गळे, अंग कापे. त्याच्या ठरलेल्या अफूतली निम्मी तो मला देत होता. ती त्याला म्हणे, "सर्दी झाली तं डॉक्टरकडे जा ना. दारात बसून काऊन शिंकून राह्यले?" तो म्हणे, "जातो, जातो."

मग मॉर्फिया आला. हाताने लिहिलेला अर्ज चालला होता. तुमच्या आजोबांनी तिला सुई दिली, मी रजिस्टरात तारीख घातली, सही घेतली. घरी आल्यावर ते औषधं करायच्या टेबलाशी उभे राहिले. खल मी धुऊन ठेवला होता. त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला, आणि पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने साबण लावून धुतला. पुसला. फळीवर ठेवला. "जेवायला वाढ," म्हणाले. त्यांना वास आला की नुसती सवयीने केलेली गोष्ट होती, हे मी पुढची चाळीस वर्षं विचारू शकले नाही. ते गेले, आणि आता विचारायला कुणी नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती शुद्धीवर, शांत होती. बाहेर उन्हात कुणी तुरीच्या शेंगा सोलत बसलं होतं. ती म्हणाली, "बाई, थ्या पुड्या कोन्त्या कपाटातल्या होत्या?"

"लाल पट्टीच्या."

ती हसली. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले. "भासऱ्याच्या चंचीचा वास मले समजत नाई? तीस वर्सं झाले, त्यायच्या शेजारी राहून राह्यली मी."

मी विचारलं, "कधी समजलं?"

"पयल्याच दिवशी. तोंडापाशी आनल्याबरोबर."

"मग घेतली कशी?"

तिने छताकडे पाहिलं. "लय दुखत होतं, बाई," ती म्हणाली. एवढंच. मग, "पुडी देताना तुमी खाली पाहून राह्यल्या होत्या. तुमी कधी खोटं लिवलं नाई म्हून. मले वाटलं, हिनं माह्यासाठी हे केलं, अन् मी वापस करू का?" माझ्याकडे वळली. "वस्तीत कोनाले सांगू नका. माह्या बोलन्याची इज्जत राह्यली पाह्यजे. मी मोडलं, थे माहं हाय."

"तुम्ही नाही मोडलं. मी मोडलं."

"आता हे बी लिवनार का कोनत्या रकान्यात?" ती म्हणाली. "च्या करा. साखर टाका."

नोव्हेंबर संपता संपता ती गेली. नव्या रीतीने, पांढऱ्या कपड्यात, वस्तीतल्या लोकांनी त्रिशरण म्हणत तिला नेलं. मी दवाखान्याच्या पडवीपर्यंत गेले. पुढे गेले नाही. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, ज्यांनी तिला आणि लाखो लोकांना नागपूरला दीक्षा दिली होती ते गेल्याची बातमी आली. सगळी वस्ती गाडीने मुंबईकडे निघाली. भासरा गुडघ्यांमुळे मागे राहिला. दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला, रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "बरं झालं, थे आधीच गेली. तिले हे ऐकवलं नसतं." मी त्याला आत बोलावलं आणि चहा दिला. घरातल्या कपात. कोनाडा तेव्हा रिकामा होता. कान तुटलेला कप मी केव्हाच फेकला होता, कुणाला न सांगता.

"तिनं बोलल्यापरमानं केलं, नाई का बाई?" त्याने विचारलं. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, तरी दवाखान्यातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"हो," मी म्हटलं. "फक्त डॉक्टरचं औषध घेतलं."

तो पुढच्या उन्हाळ्यात वारला. त्यानंतर ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले. आमची बदली झाली तेव्हा मी रजिस्टरं नव्या माणसाला मोजून दिली. त्याने विषाच्या कपाटाचं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "फार स्वच्छ ठेवलंय, बाई." त्या दहा दिवसांची पानं मी त्याच्या बोटाखालून जाताना बघितली. रोज एक शून्य, रोज सही.

तुझ्या दुकानातल्या माणसाने ओळखपत्र मागितलं यात त्याची चूक नाही. ती कुलपं हवीत. ती नसती तर काय होतं तेही मी दवाखान्यात पाहिलं आहे. कापूस वेचायला जाताना लेकरू झोपावं म्हणून अफूचं बोट चाटवणाऱ्या आया, आणि मग न उठलेली लेकरं. रेघ कुठेतरी आखावीच लागते. फक्त ती दाखवून मी एका दुखणाऱ्या बाईला "पक्कं" असं म्हणाले, आणि तिने ते खरं धरलं.

आता ती दाई तुम्हा दोघांना माहीत झाली. तिला दुखत होतं, म्हणून तिने घेतलं. तिने कुणाला सांगू नका म्हटलं होतं ते वस्तीसाठी. तिच्या वस्तीत आता तिला ओळखणारं कुणी उरलं नसेल. तुम्ही फार लांब आहात, म्हणून तुम्हाला सांगितलं.